भाड्याच्या घरातली ओल आणि बुरशी: दुरुस्ती कोणी करायची, पैसे कोणी द्यायचे? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

पाऊस लागून महिना झाला की मुंबई, ठाणे आणि कोकणपट्टीतल्या भाड्याच्या घरांत एकच वाद रंगतो. भाडेकरू म्हणतो, घर गळतंय. मालक म्हणतो, तुम्ही खिडक्या उघडत नाही. खरे कोणाचे, ते बहुतेक वेळा भिंतच सांगते. फक्त ती नीट पाहावी लागते. खालची उत्तरे महाराष्ट्रातला कायदा आणि इथले बांधकाम यांना धरून आहेत.

भिंतीवर काळे ठिपके आलेत. खर्च मालकाचा की माझा?

पाणी कुठून आले यावर ते ठरते. बुरशीला खायला रंग, पुट्टी, लाकूड, धूळ असे काहीही चालते आणि ते प्रत्येक घरात असतेच. अडते ते फक्त ओलीपाशी. त्यामुळे ओलीचा उगम ज्याच्या अखत्यारीत, दुरुस्ती त्याची.

गच्ची, बाहेरची भिंत, भिंतीतले जुने पाइप, वरच्या मजल्यावरचे न्हाणीघर, जोत्यातून चढणारी ओल ही सगळी मालकाची बाजू. मालकाने पुढे ते सोसायटीकडून, वरच्या फ्लॅटवाल्याकडून की बिल्डरकडून करून घ्यायचे हा त्याचा प्रश्न. भाडेकरूने त्यांच्या दारात जाऊन भांडण्याची गरज नाही. याउलट एसी बसवताना बाहेरच्या भिंतीला पाडलेले आणि न बुजवलेले भोक, थर्माकोल लावून बंद केलेला एक्झॉस्ट फॅन, बंद खोलीत दोरीवर वाळणारे कपडे, तुंबू दिलेली बाल्कनीची जाळी ही भाडेकरूची बाजू.

ओल कुठून येतेय हे कोणाला न बोलावता ओळखता येतं का?

बऱ्याच अंशी येते. तीन गोष्टी टिपून ठेवा: डाग कुठे आहे, कधी वाढतो आणि प्लास्टर कसे लागते.

छताला तपकिरी कडांचे डाग, तेही शेवटच्या मजल्यावर, आणि पाऊस थांबून दोन-तीन दिवस झाले तरी ओल कायम: पाणी गच्चीतून येते आहे. गच्चीवरच्या जुन्या ब्रिकबॅट कोब्यात विटांचे तुकडे असतात. ते पाणी धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात, म्हणून ऊन पडल्यावरही छत टपकते.

डाग खिडकीच्या खाली, कोपऱ्यात किंवा बीम आणि भिंत जिथे मिळतात त्या आडव्या रेषेवर असेल आणि पश्चिम किंवा नैर्ऋत्येच्या भिंतीला जास्त असेल, तर बाहेरची भिंत तपासा. पावसाळी वारा त्याच बाजूने झोडपतो. काँक्रीटचा बीम आणि विटांची भिंत उन्हात वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावतात. सांध्यावर जाळी न बसवता प्लास्टर केले असेल तर नेमकी तिथे केसासारखी भेग पडते, आणि वाऱ्याच्या दाबाने पाणी आत शिरायला तेवढी फट पुरते.

मे महिन्यातही डाग ओला आहे? मग पावसाला बोल लावू नका. तुमच्या छतावर वरच्यांचे न्हाणीघर येत असेल आणि डागाभोवती पांढरे क्षार किंवा चुन्याच्या बारीक लोंब्या दिसत असतील, तर नहाणी ट्रॅपचा (फरशीतल्या निचऱ्याच्या जाळीखालच्या भागाचा) सांधा किंवा फरशीच्या दर्जा (फरश्यांमधल्या सांध्यांच्या रेषा) गळत आहेत. डाग भिंतीत, नळाच्या रेषेत आणि चोवीस तास सारखाच असेल, तर आतला पाइप. त्या लाइनचा व्हॉल्व्ह दिवसभर बंद ठेवून डाग कमी होतो का पाहा.

तळमजल्यावर जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पट्टा, वरची कड लाटेसारखी, हाताला लोणा (क्षारांची पूड) लागतो, रंगाचे पोपडे सुटतात: ओल जोत्यातून वर चढते आहे. हे दुरुस्त करायला सगळ्यात किचकट आणि कोणत्याही अर्थाने भाडेकरूचे नाही.

आता उरला हवेतला दमटपणा. यात ठिपके वरवर असतात, ओल्या फडक्याने पुसले जातात, खालचे प्लास्टर टणक असते आणि बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येत नाही. जागाही ठरलेल्या: कपाटामागे, पडद्यामागे, दोन बाहेरच्या भिंतींच्या कोपऱ्यात, शेजारच्या एसीच्या खोलीला लागून असलेल्या भिंतीवर.

शंका उरलीच तर फॉइलची चाचणी करा. भिंतीचा फूट-दीड फूट चौकोन पुसून कोरडा करा, त्यावर ॲल्युमिनियम फॉइल किंवा जाड पारदर्शक प्लास्टिक लावा आणि चारही कडा टेपने हवाबंद करा. २४ ते ४८ तासांनी पाहा. खोलीच्या बाजूने थेंब धरले तर दमटपणा हवेतला. भिंतीकडच्या बाजूने थेंब असतील तर पाणी भिंतीतून येते आहे. काढताना व्हिडिओ घ्या. पुढे वाद झालाच तर दहा फोटोंपेक्षा हा अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ जास्त कामाला येतो.

मालक म्हणतात, "हवा खेळती ठेवा, आपोआप जाईल." खरं आहे का?

अर्धे खरे. डिसेंबरात पुण्यात हा सल्ला उत्तम आहे. जुलैत मुंबईत बाहेरच्या हवेतच ८५-९० टक्के आर्द्रता असते. ती हवा घरात घेऊन भिंत वाळत नाही. पाऊस उघडून ऊन पडेल तेव्हा समोरासमोरच्या खिडक्या उघडा, एरवी पंखा भिंतीच्या रोखाने चालवा, एसी असेल तर ड्राय मोडवर ठेवा. काहीशे रुपयांना मिळणारा डिजिटल आर्द्रतामापक घेतला तर अंदाजाने बोलणे थांबते. घरात ६० टक्क्यांच्या खाली आकडा राहिला तर बुरशी सहसा डोके वर काढत नाही. सतत ८० च्या आसपास असेल तर चामड्याच्या चपलांवरही उगवते.

एसीबद्दल एक हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. हवा ३० अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर साधारण २६ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरते. एका खोलीत एसी १८-२० वर रात्रभर चालला की मधली भिंत गार पडते आणि दव धरते पलीकडच्या, एसी नसलेल्या खोलीत. तिथे राहणाऱ्याला वाटते भिंत गळते. गळत नाही, एसी २५-२६ वर आणला की महिन्याभरात फरक दिसतो.

कपड्यांचेही तसेच. मशीनमधून पिळून निघालेल्या एका भरीत दोन लिटरच्या आसपास पाणी उरलेले असते आणि ते सगळे खोलीच्या हवेत जाते. पण म्हणून छतावरच्या तपकिरी डागाचे खापर कपड्यांवर फोडता येत नाही. मालकांचा हा आवडता युक्तिवाद आहे, आणि फॉइलसमोर तो टिकत नाही.

कायदा नेमकं काय म्हणतो?

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याच्या कलम १४ नुसार जागा राहण्यायोग्य व चांगल्या दुरुस्तीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. भाडेकरूने करारात वेगळे मान्य केले असेल तरच अपवाद. भाडेकरूने नोटीस दिल्यापासून १५ दिवसांत मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू ती स्वतः करू शकतो आणि खर्च भाड्यातून वळता करू शकतो किंवा वसूल करू शकतो. मर्यादा अशी की एका वर्षात ही रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक-चतुर्थांशाहून जास्त होता कामा नये. भाडेकरूने ठेवलेला हिशेब आणि पावत्या खर्चाचा निर्णायक पुरावा मानल्या जातात. म्हणून गवंड्याला रोख दिले तरी कागदावर सही घ्या.

महिना २०,००० रुपये भाडे असेल तर वर्षाचे २,४०,०००. म्हणजे वर्षात जास्तीत जास्त ६०,००० रुपये वळते होतात. भिंतीच्या कामाला ते पुरतात. पागडीच्या (सुरुवातीला ठोक रक्कम देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या) खोलीचे भाडे ३०० रुपये असेल तर वर्षाचे ३,६०० आणि मर्यादा ९०० रुपये. एवढ्यात जेमतेम सिमेंटची एक गोणी आणि अर्ध्या दिवसाचा गवंडी. ज्यांच्यासाठी हे कलम सर्वात गरजेचे, त्यांच्याच ते सर्वात कमी कामाचे.

बँका, सरकारी उपक्रम आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्यांना भाड्याने दिलेल्या जागांना हा कायदा लागूच नाही. तिथे मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चे कलम १०८ पाहायचे. मालकावर बंधनकारक असलेली दुरुस्ती त्याने नोटिशीनंतर वाजवी वेळेत केली नाही तर भाडेकरूने करून खर्च वळता करण्याची सोय त्यातही आहे.

आमचा अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स आहे. कलम १४ आम्हाला चालतं का?

इथे बहुतेक लोक फसतात. कलम १४ "भाडेकरू"ला अधिकार देते आणि लिव्ह अँड लायसन्सवर राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसतो, परवानाधारक असतो. घरात सगळे "भाडे" म्हणत असले तरी. त्यामुळे या कलमाच्या भरवशावर परस्पर पैसे कापू नका.

परवानाधारकाचा आधार भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ मध्ये आहे. कलम ५७: जागेतला जो दोष परवानाधारकाच्या जिवाला किंवा सामानाला धोक्याचा आहे, मालकाला माहीत आहे आणि परवानाधारकाला माहीत नाही, तो उघड करणे मालकावर बंधनकारक आहे. कलम ५८: जागा धोकादायक होईल असे मालकाने काही करायचे नाही. कलम ६४: पैसे देऊन घेतलेला परवाना मुदतीआधी, परवानाधारकाची चूक नसताना मालकाने संपवून त्याला बाहेर काढले तर भरपाई मागता येते.

कलम ५७ मध्ये अडते ते "मालकाला माहीत होते" हे दाखवण्यापाशी. सोसायटीला मालकाने गेल्या वर्षी पाठवलेले गळतीचे पत्र, आधीच्या भाडेकरूचा संदेश, फक्त एका कोपऱ्यात दिलेला ताजा ऑइल पेंट हे त्याचे पुरावे.

याखेरीज खरा आधार तुमचा करारच. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, अकरा महिन्यांचा असला तरी, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केलीच नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचे वा परवानाधारकाचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. आपण नोंदणी टाळून पैसे वाचवले असे समजणाऱ्या मालकांनी हे वाक्य दोनदा वाचावे.

मग भाडं देणं थांबवू का?

नको. तुमची बाजू कितीही पक्की असली तरी भाडे थकवलेत की वाद बुरशीचा राहत नाही, थकबाकीचा होतो. भाडेकरूच्या बाबतीत मालक मागणीची लेखी नोटीस देतो आणि ९० दिवसांनंतर दावा लावू शकतो. परवानाधारकाच्या बाबतीत करारातल्या रद्द करण्याच्या कलमावर बोट ठेवतो. भाडे बँकेतून वेळेवर द्या आणि सोबत "दुरुस्तीबाबतचे माझे म्हणणे कायम ठेवून" असा एका ओळीचा संदेश पाठवा. मालक लेखी कबूल असेल तर कापणी करा: "भिंतीच्या कामाचे १२,५०० रुपये ऑगस्ट व सप्टेंबरच्या भाड्यातून वळते करण्यास हरकत नाही" एवढे व्हॉट्सॲपवर आले तरी पुरे. फोनवरचे "बघू नंतर" हे कबूल होणे नव्हे.

नोटीस कशी लिहायची? वकील लागतो का?

पहिल्या नोटिशीला लागत नाही. साधे मराठी पत्र पुरते. स्पीड पोस्टाने पाठवा, पोच जपा, तेच पत्र ईमेल आणि व्हॉट्सॲपवरही टाका. मजकूर साधारण असा:

"श्री./श्रीमती ______ यांस. आपल्या मालकीची सदनिका क्र. ____ मी दि. ____ च्या करारान्वये वापरत आहे. दि. ____ पासून आतल्या खोलीच्या पश्चिमेकडील भिंतीवर, खिडकीच्या खाली, अंदाजे ४ फूट बाय ३ फूट भागात ओल व बुरशी आहे. प्लास्टर पोकळ झाले असून रंगाचे पोपडे निघत आहेत. दि. ____ रोजी फॉइल लावून तपासले असता भिंतीच्या बाजूने पाणी आढळले. फोटो व व्हिडिओ सोबत आहेत. याबाबत आपणास दि. ____ व दि. ____ रोजी संदेश पाठवले होते. कृपया हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत कारण शोधून दुरुस्ती करावी. पाहणीसाठी मी शनिवार-रविवारी सकाळी १० ते १ या वेळेत उपलब्ध आहे."

पत्रात "घर राहण्याच्या लायकीचे नाही", "फसवणूक" असले शब्द घालू नका. माप, जागा, तारीख आणि पाहणीची वेळ या चार गोष्टी असल्या की पत्राला वजन येते. शेवटची ओळ विसरू नका, कारण मालकाचा ठरलेला बचाव "मला आत येऊ दिले नाही" हा असतो. मालकालाही आगाऊ कळवून वाजवी वेळी जागा पाहण्याचा हक्क आहे. भाडे नियंत्रण कायद्यात तो कलम २८ मध्ये आहे. स्वतः तक्रार करून वर पाहणी अडवणाऱ्याची बाजू तिथेच पडते.

मालक म्हणतात, "सोसायटीचं काम आहे, मी काय करू?"

सोसायटीला पत्र लिहायचे. सभासद ते आहेत, तुम्ही नाही. तुमचा अर्ज कमिटी बाजूला सारू शकते, त्यांचा नाही. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची, बाहेरच्या भिंती, सामाईक पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप आणि पावसाची गळती हे संस्थेच्या खर्चाचे. शेवटच्या मजल्यावर गच्चीतून गळून खराब झालेले छताचे प्लास्टरही संस्थेनेच करून द्यायचे. हे अनेक कमिट्या सोयीस्करपणे विसरतात आणि फक्त गच्चीवर डांबरी पट्ट्या चिकटवून मोकळ्या होतात. संडास, मोरी, सिंक यांची फ्लॅटमधली गळती मात्र त्या-त्या सभासदाची.

वरचा फ्लॅटवाला दाद देत नसेल तर मालकाने कमिटीमार्फत पाणी साठवून चाचणी मागावी. न्हाणीघराची नहाणी बुजवून तळाला दोन-तीन सेंटिमीटर पाणी रंग घालून २४ तास उभे ठेवायचे. खाली रंगीत ओल उतरली की वाद संपतो. उतरली नाही तर फरशी निर्दोष. आता पाइप तपासायचे. हे न करता थेट सगळ्या टाइल्स फोडणारे प्लंबर भेटतात. त्यांना आधी टाइल्सच्या दर्जा खरवडून इपॉक्सी ग्राउट भरायला सांगा. निम्म्या वेळा तेवढ्यात भागते आणि खर्च फोडण्याच्या मानाने किरकोळ असतो.

इमारत नवीन आहे, तरी भिंती ओल्या.

मालकाला रेरा (स्थावर संपदा) कायदा, २०१६ च्या कलम १४(३) ची आठवण करून द्या. ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत बांधकामातला किंवा कारागिरीतला दोष लक्षात आणून दिला तर विकासकाने ३० दिवसांत तो विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. अर्ज मालकानेच करायचा, पण फोटो तुमच्याकडे आहेत. पाच वर्षे संपत आली असतील तर हे पत्र आजच गेले पाहिजे.

आम्ही दक्षिण मुंबईत पागडीच्या जुन्या इमारतीत राहतो.

मुंबई बेट शहरातली (मूळ, जुन्या मुंबईतली) ३० सप्टेंबर १९६९ पर्यंतची उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणारी) इमारत असेल तर तक्रार म्हाडाच्या मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडे करता येते. मंडळ मुख्यतः ढाचा, गळकी छपरे, जिने, सामाईक पाइप पाहते. तुमच्या खोलीतला रंग पाहणार नाही. सगळ्या बिऱ्हाडांनी सह्या करून एकच अर्ज द्यावा. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ खालीही भाडेकरू एकत्र येऊन दुरुस्ती करू शकतात.

केंद्राचा आदर्श भाडेकरू कायदा आलाय ना? त्यात तर सगळं लिहिलंय.

केंद्रीय मंत्रिमंडळाने तो २ जून २०२१ रोजी मंजूर केला, पण तो नमुना आहे. राज्याने स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही, आणि महाराष्ट्रात १९९९ चाच कायदा चालतो. त्यातली वाटणी मात्र करारात उचलायला छान आहे: ढाच्याची दुरुस्ती, भिंतींची रंगसफेदी, गरजेप्रमाणे पाइप बदलणे मालकाकडे, नळाचे वॉशर, नाली साफ करणे, बेसिन आणि गिझरची दुरुस्ती भाडेकरूकडे.

मी मालक आहे. दरवर्षी रंग देतो, तरी पुन्हा काळं होतं. का?

कारण तुम्ही पाण्यावर रंग देता. ओल्या प्लास्टरवर रंग बसला की मागचे पाणी बाहेर पडायला वाट शोधते, फुगे येतात, पोपडे पडतात आणि पोपड्यामागे बुरशीला अंधारी, दमट जागा मिळते. पुट्टीचे थर वाढवले की बुरशीचे खाद्यच वाढते. पीव्हीसी पॅनेल किंवा वॉलपेपर लावणे तर उघड झाकपाक. पॅनेल काढल्यावर मागची भिंत पाहवत नाही.

क्रम असा ठेवा. पावसाळ्यात फक्त गळती थोपवा: ताडपत्री, खिडकीवर पत्रा, गच्चीची पन्हळ साफ. बाहेरचे काम नोव्हेंबर ते मे. बाहेरून भेगा व्ही आकारात खोदून पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याने भरा, छज्जा आणि खिडकीच्या उंबऱ्याला बाहेर उतार द्या, छज्ज्याच्या खालच्या कडेला पाणी तुटण्यासाठी खाच आहे का पाहा, मग जलरोधक लेपाचे दोन हात. एसीच्या तांब्याच्या नळीचे भोकही याच वेळी बघा: भोकाचा उतार बाहेर हवा, नळीला बाहेर खाली झोल हवा, नाहीतर पाऊस नळीवरून ओघळत सरळ खोलीत येतो.

आता आतली भिंत. ओल जिथे संपल्यासारखी दिसते त्याच्या फूटभर पलीकडेपर्यंत प्लास्टर काढा आणि विटा उघड्या पडू द्या. वाळायला वेळ द्या. इथेच घाई होते. बुरशीनाशक द्रावण मारा, मग सिमेंट-वाळू १:४ चे प्लास्टर, त्यात जलरोधक रसायन डब्यावर दिलेल्या प्रमाणात (बहुधा ५० किलोच्या गोणीला २०० मिली). सात दिवस पाणी मारा. त्यानंतर महिनाभर रंगाला हात लावू नका. मग क्षार सहन करणारा प्रायमर आणि रंग. या भिंतीवर पीओपी किंवा जिप्सम नको. पहिल्या ओलीला ते बिस्किटासारखे मऊ पडते.

छताला सळ्या दिसत असतील, गंजाचे लालसर ओघळ असतील किंवा काँक्रीटच्या ढलप्या पडत असतील तर रंगाऱ्याला सोडा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावा. मुंबईत ३० वर्षांपेक्षा जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण महापालिका कायद्याच्या कलम ३५३ब प्रमाणे करावेच लागते.

दुरुस्ती होईपर्यंत बुरशी आम्हीच साफ करावी का?

डाग १० चौरस फुटांपेक्षा, म्हणजे साधारण तीन-बाय-तीन फुटांच्या चौकोनापेक्षा मोठा नसेल तर हरकत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने हीच मर्यादा सांगितली आहे. पण आधी फोटो काढा. साफ केलेला डाग कोणाला दाखवणार?

एन-९५ मास्क, रबरी हातमोजे, चष्मा. कोरडा झाडू फिरवू नका, बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओल्या फडक्याने पुसा, फडके पिशवीत बांधून टाका, भिंत पंख्याखाली वाळवा. टाइल्सवर ब्लीच चालते: एक लिटर पाण्यात ६० मिलीपर्यंत, खिडकी उघडी ठेवून. प्लास्टरवर ब्लीचचा फायदा थोडा, कारण ते वरचा काळेपणा घालवते आणि त्यातले पाणी आत मुरते. ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनरचे ॲसिड किंवा अमोनिया असलेले काहीही कधीच मिसळू नका. विषारी वायू तयार होतो आणि बंद मोरीत तो जिवावर बेततो.

बुरशी धरलेली कापसाची गादी, उशा आणि भुसभुशीत झालेला प्लायवुड वाचवण्याच्या फंदात पडू नका.

काळी बुरशी विषारी असते म्हणे. लॅबमध्ये तपासून घ्यावी का?

रंगावरून धोका ठरत नाही. ओलसर, बुरशी धरलेल्या घरांचा दम्याशी आणि श्वसनाच्या तक्रारींशी संबंध जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत मांडला आहे. तिथे भर जातीवर नसून ओल हटवण्यावर आहे. घरातल्या बुरशीसाठी भारतात कायदेशीर मर्यादाच नाही, त्यामुळे अहवालातला आकडा कशाशी ताडायचा? ते पैसे प्लंबरला द्या. घरात दमेकरी, तान्हे मूल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारे उपचार घेणारे कोणी असेल तर त्यांना त्या खोलीत झोपवू नका, आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीत घरातल्या ओलीचा उल्लेख करून घ्या. नोटिशीसोबत ती जोडता येते.

घर सोडताना मालक रंगाचे पैसे डिपॉझिटमधून कापतात. योग्य आहे का?

नेहमीच्या वापराने होणारी झीज भाडेकरूच्या माथी येत नाही, आणि बाहेरून आलेल्या ओलीने बिघडलेली भिंत तर मुळीच नाही. मात्र करारात "घर सोडताना एक महिन्याचे भाडे रंगासाठी" असे लिहून तुम्ही सही केली असेल तर ते द्यावे लागेल. सही करतानाच ते खोडायला लावा. राहायला आलात त्या दिवशीचा प्रत्येक भिंतीचा, माळ्याचा आणि मोरीच्या छताचा व्हिडिओ मालकाला पाठवून ठेवलेला असेल तर कापणीची भाषा बरीच मवाळ होते.

घर बघायला गेल्यावर काय पाहावं?

एजंट घाई करेल, करू द्या. भिंतीतले कपाट उघडून वास घ्या, कुबट वास रंगाने झाकत नाही. माळ्यावर मोबाइलचा टॉर्च मारा. खिडकीखालची आणि पश्चिमेची भिंत बोटाने ठोका, पोकळ आवाज येतो का ऐका. एकाच भिंतीवर नवा रंग किंवा चकचकीत ऑइल पेंट असेल तर कारण विचारा. शेवटच्या मजल्यावर गच्चीवर पत्र्याची शेड आहे का पाहा. वॉचमनला सहज विचारा, "पावसात या विंगला काय होतं?" सोसायटीच्या फलकावरची सूचना वाचा, "गच्चीच्या वॉटरप्रूफिंगसाठी वर्गणी" हा मथळा पुष्कळ सांगून जातो.

नव्या करारात कोणतं कलम घालून घ्यावं?

एजंटच्या छापील नमुन्यात बहुधा "सर्व दुरुस्ती परवानाधारकाने करावी" असे एक वाक्य दडलेले असते. ते काढून हे घाला: "गच्ची, छत, बाहेरील भिंती, भिंतीतील नळवाहिन्या अथवा अन्य सदनिकांतून होणारी गळती व त्यामुळे येणारी ओल व बुरशी यांची दुरुस्ती, लेखी कळवल्यापासून १५ दिवसांत, मालक स्वखर्चाने करतील. तसे न झाल्यास परवानाधारक ती करून पावत्यांच्या आधारे खर्च मासिक शुल्कातून वळता करू शकेल. दुरुस्तीअभावी एखादी खोली ३० दिवसांहून अधिक काळ वापरण्यास अयोग्य राहिल्यास परवानाधारकास, लॉक-इन मुदत लागू न होता, १५ दिवसांच्या लेखी सूचनेने जागा सोडता येईल व संपूर्ण अनामत रक्कम परत मिळेल." लॉक-इनचा (ठरलेल्या मुदतीआधी घर सोडता न येण्याच्या अटीचा) उल्लेख त्यात असलाच पाहिजे, तो नसेल तर अकरापैकी पहिले सहा महिने गळक्या खोलीचे भाडे भरत बसावे लागते.